डुबुक

रात्री सव्वानऊला शिरपूरची शेवटची फेरी डेपोत लावून,
मशीन जमा, रोकड जमा, हिशेब जमा करून
मी देवपुरातला जिना चढले
तर पूर्वा दारातच, "आज काय?"
हा प्रश्न मला पाचशेच्या नोटेसारखा वाटतो.
सुटे कुठून आणू?

डब्यात बेसन, दोन मुठी.
टोपलीत दोन कांदे, एकाला कोंब.
अर्धी वाटी खोबरं, मुंग्यांनी माझ्याआधी शोधलेलं.
कोथिंबिरीच्या काड्या, पानं सकाळच्या डब्यात गेली.
सकाळची भाकर आहे तीन.
पुरे. डुबुकवडे होतील.
वीस मिनिटं,
म्हणजे डेपोपासून नगावबारीपर्यंत, रस्त्यात ट्रॅक्टर आडवा नसेल तर.

कांदा थेट बर्नरवर.
साल काळी पडली, तडतडली, मग खोबरं,
तेही करपू दिलं, घाबरायचं नाही.
लसूण सोलायला वेळ कुणाला, सालीसकट वाटला.
तेलात मसाला पडला तसा ठसका खिडकीतून खाली उतरला
आणि खाली कुणी खोकलं.

देसलेकाकू.
दीड महिना झाला, त्या माझ्याशी फक्त खोकतात.
आठव्या दिवशी येतं नळाला पाणी,
ते त्यांच्या मोटारीनं ओढलं की माझ्या,
यावरून मी एक शब्द बोलले होते.
तो इथे लिहीत नाही.

बेसनात तिखट, जिरं, हळद, काड्यांचं बारीक तुकडं.
पाणी चमच्यानं घालायचं.
हात सैल सुटला तर त्याचं पिठलं होतं.

रस्सा खदखदायला लागला.
पहिला वडा सोडला. डुबुक.
तळाशी गेला, थांबला,
काहीतरी ठरवून वर आला.
दुसरा. तिसरा. पूर्वा मोजतेय,
पाच, सहा, सात,
आणि ज्योत पिवळी झाली.
निळं व्हायचा एकदा प्रयत्न केला तिनं,
मग फुस्.

नंबर लावायचा राहिला होता. रोज राहत होता.

उकळी थांबली की वड्याला दम धरता येत नाही.
पाणी गप्प झालं की तो कणाकणानं सुटत जातो,
वर आलेलेसुद्धा परत खाली बसतात.

दोन फडक्यांनी पातेलं उचललं.
पूर्वानं पिठाची वाटी घेतली.
तेरा पायऱ्या.
प्रत्येक पायरीला रस्सा काठाशी यायचा, बघून मागे जायचा.
चालत्या गाडीत उभं राहायची सवय पायांना होती,
ती कामी आली. खाकी अजून अंगावरच.

दार उघडं. शेगडीवर त्यांचं दूध.
काकूंनी माझ्याकडे नाही, पातेल्यात बघितलं.
"गॅस सरना?"
दूध बाजूला केलं, बर्नर मोठा केला.
"ठी दे आठे."

तिघी पातेल्याकडे बघत उभ्या राहिलो.
पाण्याबद्दल कुणी काही बोललं नाही.
रश्श्यातलं पाणी त्या दिवसाचंच होतं,
भांडणाच्या.

मग एक बुडबुडा, कडेला.
मग चार.
एक वडा वर आला, काठ फाटलेला.
त्याच्यामागे तीन, एकमेकांना ढकलत.
तीन आलेच नाहीत.
त्यांनी रस्सा दाट केला, तेही काम कुणी करायला हवं.

काकूंनी पूर्वाच्या हातातली वाटी न विचारता घेतली
आणि उरलेलं पीठ बोटांच्या टोकांनी सोडत गेल्या,
डुबुक, डुबुक,
माझ्यापेक्षा लहान, माझ्यापेक्षा गोल.
पळीभर रस्सा तळहातावर घेऊन चाखला.
"मीठ कमी शे."
कमी नव्हतं.
मी चिमूटभर घातलं.

एक वाटी त्यांच्या ओट्यावर ठेवून
पातेलं घेऊन वर आलो.
पूर्वानं पहिल्याच घासाला पाणी मागितलं,
म्हणाली, खारट झालंय गं थोडं.
भाकर जास्त कुस्कर, म्हटलं.

खालून कुणी खोकलं नाही.

आज सहावा दिवस.
परवा पाणी येईल.
बघू.